विरजणाबाहेरची घरं

पंचाचा निकाल आला तेव्हा प्रणोती मोहुर्ले तळहातावरच्या दाण्यांची सालं फुंकत होती. फुंकर अर्ध्यावरच राहिली. पडद्यावर एकच ओळ होती : दोन गटांच्या सरासरीत सार्थ फरक नाही.

झालं! दोन उन्हाळ्यांच्या मेहनतीचं एवढंच फळ. ना कारण, ना सबब. पंचाला असल्या गोष्टी ठाऊकच नव्हत्या.

हा पंच म्हणजे कुणी पागोटंवाला म्हातारा नव्हे. ते यंत्र होतं, आणि ते डोक्यावर बसवून घ्यायची पाळी शास्त्रज्ञांनी आपल्याच हाताने आणली होती. आधीच्या पिढीला एक वाईट खोड लागली होती. आकडे हाती आले की ते इकडून तिकडून चाळायचे. फरक बायकांत दिसतो का, चाळिशीपुढच्यांत दिसतो का, सोमवारी तपासलेल्यांत दिसतो का? कुठे ना कुठे दिसायचाच. मग तेवढाच उचलून ढोल बडवायचा. त्या ढोलापायी निकामी औषधं बाजारात आली, माणसं मेली, आणि शेवटी सरकारने पंच नेमला. आता प्रश्न आधी नोंदवायचा, त्याला कुलूप लावायचं, आणि आकडे आले की पंच त्या एकाच प्रश्नाचं एकच उत्तर देणार. अपील नाही, वशिला नाही, रडारड नाही.

प्रश्न नेमका मांडून देणं हेच प्रणोतीचं काम. ती नागपूरच्या प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञ होती, पण जन्मली वीटभट्टीवर. त्यामुळे नव्या पोरांना ती विटांवरूनच शिकवायची. दोन भट्ट्यांच्या विटांचे दोन ढीग आहेत, एकाची सरासरी उंची जरा जास्त भरते. आता ही भट्टीची करामत की नुसता योग? त्यासाठी ढिगातल्या विटा बघायच्या. सगळ्या एका मापाच्या असतील तर तिळाएवढा फरकही बोलका. पण एक वीट चपटी, एक फुगीर, एक वाकडी असेल, तर बोटभर फरकसुद्धा कवडीमोलाचा. आणि विटा किती मोजल्या? चारच मोजल्या तर कुणी विश्वास ठेवू नये, चारशे मोजल्या तर ठेवावा. टी-चाचणी म्हणजे एवढंच : एका पारड्यात सरासऱ्यांमधला फरक, दुसऱ्यात विटांचा वाकडेपणा आणि त्यांची संख्या. दोन्ही भट्ट्या खरोखर सारख्याच असत्या तर निव्वळ योगाने एवढा फरक शंभरात पाचापेक्षाही कमी वेळा पडला असता, असं दिसलं, तरच तो सार्थ म्हणायचा. नाहीतर घरी जायचं.

तिच्या विटा म्हणजे माणसं होती. चंद्रपूरकडच्या पिंपळटोला नावाच्या वस्तीवरचे भट्टी-कामगार. पारा पन्नाशीला टेकू लागल्यापासून त्या टोल्यावर तिशी-चाळिशीतले गडी किडन्या जाऊन मरत होते. दिवसभर घाम, त्यात पोटात तयार होणारी विषारी द्रव्यं, आणि ती गाळून गाळून भाजलेल्या किडन्या. प्रयोगशाळेने दह्यातलाच एक जिवाणू घेतला आणि त्याची जनुकं अशी बदलली, की तो ही विषं आतड्यातच खाऊन टाकेल. रोज सकाळी एक पुडी, दुधातून. जिवाणू मोकाट सुटू नये म्हणून त्याला दावणीला बांधला होता. निसर्गात कुठेच न मिळणारा एक खुराक त्याला रोज लागे, आणि तो त्याच पुडीत घातलेला असे. खुराक बंद, की जिवाणू चार दिवसांत खलास. टोल्यावरच्या निम्म्या रोग्यांना खरी पुडी दिली, निम्म्यांना कोरी. कुणाला कोणती हे कुणालाच माहीत नाही, प्रणोतीलाही नाही. आणि त्या रोग्यांत तिचा सख्खा थोरला भाऊ होता, धनराज.

"पाहिलंस?" दारात डॉक्टर देशकर उभे होते. प्रकल्पाचे प्रमुख, साठीचे, एरवी विनोदी. आज चेहऱ्यावर काही नव्हतं.

"सर, औषधाचा गट सुधारलाय. सगळ्यांचं क्रिएटिनिन उतरलंय."

"आणि कोऱ्या पुडीचा?"

"तोही सुधारलाय," ती पुटपुटली.

"मग संपलंच की. आपण गेलो, पाण्याचे माठ ठेवले, सावलीला छत घातलं, दर महिन्याला तपासलं. माणसं त्यानेच सुधारली, असंच म्हणणार सगळे. पुडीला कशाचं श्रेय?" त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "कायदा ठाऊक आहे तुला. निकामी ठरलेलं जिवंत औषध माणसाच्या पोटात ठेवता येत नाही. नुसता खुराक तोडून भागत नाही; पंधरवड्यात सगळ्यांना मारक घोट द्यायचा, जिवाणू नष्ट करायचा, आपल्या जिवाणू-पेढीतलं बियाणंसुद्धा जाळायचं."

निकाल लागला की नावं उघडतात. देशकर गेल्यावर प्रणोतीने धनराजचं नाव शोधलं. कोरी पुडी. आणि क्रिएटिनिनचा आकडा, किडनी बिघडली की चढणारा? बहुतेक कोऱ्या पुडीवाल्यांचा उतरत होता, दादाचा चढत होता. दोनावर होता तो पाचाकडे निघाला होता. दोन दिवाळ्यांत तिने त्याला तब्येतीचं अवाक्षर विचारलं नव्हतं, कारण नियमच तसा होता. नियम पाळणारी मोठी शहाणी!

दुसऱ्या दिवशी ती पिंपळटोल्याला गेली. मारक घोटाचं लोकांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते परक्याच्या तोंडून कळावं असं तिला वाटेना.

धनराज ओट्यावर बसला होता. पाय सुजून पावलांचे घोटे दिसेनासे झालेले. तिला पाहून हसला, उठू मात्र शकला नाही. "आली का माही शिकलेली बाई? कुंदा, ताक दे इले."

कुंदा वहिनीने ताक आणलं. ही बाई अंगाने काडी, पण जिभेने कुऱ्हाड. समोरच्या सिंधूबाईशी नळावरून तिचं भांडण झालं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, आणि कुंदाचं टोल्यावरच्या बाकी कुणाच्या उंबऱ्यावर जाणंही बंद.

"तुह्या मायच्या हातचं विरजण आहे हे," पेला पुढे करत ती म्हणाली. "माय जाऊन किती वर्सं झाली, पण एक दिवस मोडू नाई दिलं. कोणाच्या दारात वाटी घेऊन नाई गेली मी. नाई तं बाकीच्या! ते पाह्य."

समोरच्या दारात एक बाई वाटी घेऊन लगबगीने आली होती. "ओ सिंधूबाई, विरजण द्या वो, दिवे लागाच्या आधी!" दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही, घरातली बरकत जाते, हे टोल्यावर लहान पोरालाही माहीत. सिंधूबाईने पदर खोचत चमचाभर दही घातलं, आणि मागून आणखी एक वाटी आली.

"अख्खा टोला हिच्या दारात," कुंदा फणकारली. "म्हणे सिंधूचं दही सुरीनं कापा लागते! आधी तं पाणी सुटे हिच्या दह्याले. त्या तुमच्या पुड्या सुरू झाल्या, तवापासून हे कवतिक."

प्रणोतीचा पेला ओठाशीच थांबला. "ती पुडी दह्यात घालते?"

"दुधातच घ्या म्हणलं नं तुमी लोकाइनं? मंग पुडीचं दूध गड्यानं अर्धं पेलं, अर्धं उरलं, तं त्याले विरजण लावते. दूध का फेकून देते कोणी?"

अरे देवा! प्रणोतीने पेला खाली ठेवला. सिंधूबाईचा नवरा खऱ्या पुडीवर होता. तो जिवाणू शेवटी दह्याचाच. दुधात पडला, रात्रभर वाढला, घट्ट दही लावून मोकळा झाला, आणि सकाळी वाटीवाटीने घरोघर निघाला. पण दावण? खुराकाशिवाय तो दुसऱ्या घरी चार दिवस जगायला नको. तो जगला, कारण खुराक त्या घरीही पोचत होता. कोरी पुडी खऱ्या पुडीसारखीच दिसावी, लागावी, म्हणून तिच्यातून फक्त जिवाणू काढला होता. बाकी सगळं तसंच ठेवलं होतं, खुराकासकट. प्रयोगशाळेने कोऱ्या घरांत रोज गोठा झाडून चारा घालून ठेवला होता, आणि गाय सिंधूबाईने पाठवली.

प्रणोती इथेच वाढलेली. वाटी घेऊन दारोदार तीही पळाली होती. आणि दोन गटांच्या मधोमध भिंत आहे असं धरून चालताना तिला एकदाही विरजण आठवलं नव्हतं. तिला हसू येईना, रडूही येईना. औषध लागू पडलं होतं! इतकं लागू पडलं होतं, की फरक दाखवायला न घेतलेला माणूसच उरला नव्हता.

उरला नव्हता? तिने ओट्यावरच्या धनराजकडे पाहिलं. मग कुंदाकडे, जी कुणाच्याच दारात जात नव्हती.

आठवडाभरात घरोघरच्या दह्याचे नमुने नागपूरला आले. जिवाणूच्या जनुकांत ओळखीची खूण घातलेली होतीच. कोऱ्या गटातल्या जवळजवळ प्रत्येक घरच्या दह्यात ती सापडली. सापडली नाही ती फक्त अकरा जणांकडे. त्यातले दहा छत्तीसगडहून आलेले सडेफटिंग मजूर, पत्र्याच्या खोल्यांत राहणारे, भात आणि मिरची खाणारे, ज्यांना ना घरदार ना विरजण. अकरावा धनराज.

देशकरांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून पुसला. "काल हा जिवाणू निकामी म्हणून मारायचा होता. आज तो दावं सोडून पळाला म्हणून मारायचा. आपण आगीतून फुफाट्यात आलोय, प्रणोती."

"पण फायदा सिद्ध झाला तर? कायद्यात सूट आहे."

"सिद्ध कशावर करणार? पंच पुन्हा तोच प्रश्न ऐकणार नाही."

"नवा प्रश्न," ती म्हणाली. "विरजणाच्या साखळीतली घरं एका बाजूला, साखळीबाहेरचे अकरा दुसऱ्या बाजूला. आतापर्यंतचे आकडे धरायचे नाहीत, ते आपण पाहिलेत. आजपासून पुढचा उन्हाळा मोजायचा. मृग लागला की पंचाने सांगावं, फरक सार्थ आहे की नाही."

सरकारी समितीने नाक मुरडलं, पण एकदाच, शेवटचं, म्हणून परवानगी दिली; तोवर मारक घोट लांबणीवर, पुड्या होत्या तशाच चालू. अट एकच. अकरा जणांना काही सांगायचं नाही आणि कोऱ्या पुडीपलीकडे काही द्यायचं नाही. सांगितलं, तर अकराही जण संध्याकाळी सिंधूबाईच्या दारात उभे राहणार. एक तीळ सात जणांत वाटून खाल्ला, की मग तिळाने काय केलं ते कोण सांगणार?

"आपण त्यांच्याकडून काही काढून घेत नाही आहोत," देशकर म्हणाले. ते स्वतःलाच सांगत होते.

"देतही नाही आहोत, सर."

"तुझ्या भावाला वगळ. मी लिहून देतो."

तिने नकाराची मान हलवली. हे तिने आधीच तपासलं होतं. नावं उघडल्यावर एकाही माणसाला बाहेर काढलं तर पंच प्रश्नच फेटाळत असे. नावडती वीट ढिगातून काढून टाकणं, हीच तर जुनी लबाडी होती. आणि दादाने गुपचूप दही खाल्लं तरी तो मोजला जाणार साखळीबाहेरचाच. अकरा विटांच्या ढिगात एक वीट बदलली की अख्खी सरासरी हलते. तिने गणित मांडून पाहिलं. अकरा जसेच्या तसे राहिले, तर फरक शंभरात पाचाचा तो उंबरठा ओलांडेल, तोही जेमतेम. धनराज सुधारला, तर उंबरठ्याच्या अलीकडेच थांबेल. तिने ते तीनदा मांडलं. आकड्यांना काय, ते तिन्ही वेळा तेच बोलले.

एका पारड्यात टोल्यावरची शंभर-सव्वाशे घरं, आणि उद्या प्रत्येक तापल्या गावातल्या भट्ट्या. दुसऱ्यात दादा. ज्याने आपली शाळा सोडून तिची फी भरली तो दादा. गणित सोपं होतं म्हणूनच ते तिला असह्य होत होतं.

मे महिन्यात कुंदाचा फोन आला. "ये वो एकदा. ह्याइचं काही खरं नाई."

प्रणोती पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. धनराज खाटेवर पडून होता. चेहरा फुगलेला, श्वास उथळ, तोंडाला चव नाही म्हणून दोन दिवस जेवलेला नाही.

"बाकी समदे भट्टीवर चालले," तो तिला म्हणाला. "तो सिंधूबाईचा नवरा तं माह्याहून आधी पडला होता. आता बैलावानी गाडा ओढते. मलेच काहून नाई लागू पडत वो तुही पुडी?"

तिने त्याच्या पायावरून हात फिरवला. बोट दाबलं की तिथे खड्डा पडत होता आणि तो भरून येत नव्हता. "पडेल, दादा," ती म्हणाली. आपण किती निर्लज्जपणे खोटं बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

इतक्यात दारात सावली पडली. सिंधूबाई! भांडणानंतर पहिल्यांदाच ती या उंबऱ्याशी आली असेल. हातात वाटी, वाटीवर झाकण, नजर जमिनीवर.

"कुंदा," ती म्हणाली, "नळाचं राहू दे. आपलं भांडण आपल्यापाशी. धनराजभाऊले हे दही दे. माह्या घरच्याले यानंच तरतरी आली म्हणतेत समदे. खरं-खोटं देव जाणे, पण दही काही वाईट करत नाई. आजचं खाऊ दे, अन् याचंच विरजण लाव."

कुंदाचा चेहरा बदलत गेला. सगळा ताठा, सगळी कुऱ्हाड कुठेतरी विरघळली आणि डोळे भरून आले. तिने पदराला हात पुसले आणि वाटीकडे दोन्ही हात पुढे केले.

प्रणोती मध्ये आली.

ती कशी उठली, तिला नंतरही आठवेना. तिच्या मनात एकाच वेळी दोन आवाज होते. घे, घे, देवासाठी घे, असं एक ओरडत होता. आणि दुसरा मारक घोटाच्या बाटल्या मोजत होता, दारोदार, सिंधूबाईच्या दारापासून.

"नको, वहिनी," ती म्हणाली. "आईचं विरजण मोडू नको."

कुंदाचे हात तिथेच थांबले.

"इतकी वर्षं जपलंस. आईने मरताना तुझ्याच हाती दिलं होतं ना? दुसऱ्याचं विरजण घरात आलं, की ते संपलं." एक एक शब्द तिने नेमका निवडला होता. वहिनीला कुठे धरायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

कुंदाने धनराजकडे पाहिलं, मग चुलीमागच्या दह्याच्या मडक्याकडे पाहिलं. हात हळूच खाली गेले. "बराबर आहे," ती म्हणाली. "सासूबाईले शबुद देला होता मी."

सिंधूबाईच्या तोंडावर कुणी पाणी मारावं तसं झालं. वाटीवरचं झाकण नीट करत ती म्हणाली, "मी तं आपली माणुसकीनं आली होती, बाई." आणि गेली.

धनराजने भिंतीकडे तोंड केलं होतं. त्याने काही ऐकलं की नाही, प्रणोतीला कळलं नाही. ती मागच्या अंगणात गेली आणि भांडी घासायच्या दगडावर बसून तोंडात पदर कोंबून रडली. मग तोंड धुऊन आत आली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

मृग लागला. पंचाने निकाल दिला. त्या वेळी ती दाणे खात नव्हती, काहीच खात नव्हती.

फरक सार्थ आहे.

प्रयोगशाळेत आरडाओरडा झाला. कुणीतरी तिला मिठी मारली, कुणी पेढे आणायला धावलं. देशकरांचे डोळे ओले होते. मारक घोट रद्द. पिंपळटोल्यावर जिवाणू राहू द्यायचा, खुराकाच्या पुड्या घरोघर फुकट द्यायच्या, आणि पत्र्याच्या खोल्यांतल्या दहा जणांना त्याच दिवशी औषध सुरू करायचं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि प्रणोती पडद्यावरचे दोन ढीग पाहत होती. उजवीकडच्या छोट्या ढिगात एक ठिपका बाकीच्यांपेक्षा खूप वर, एकटाच उभा होता. त्याच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं, आणि तिला त्याची गरजही नव्हती.

त्या ठिपक्याला आता पुडीचा उपयोग नव्हता. धनराजच्या किडन्या कधीच परतीच्या वाटेपलीकडे गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्याला चंद्रपूरला यंत्रावर रक्त गाळायला न्यावं लागत होतं, तो जगेल तितके दिवस.

ती टोल्यावर गेली. धनराज यंत्रावरून येऊन थकून झोपला होता. तिने कुंदाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पुडी, साखळी, अकरा जण, सिंधूबाईची वाटी. काही लपवलं नाही.

कुंदा ओरडेल, मारेल, हाकलून देईल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे त्या दिवशी ते दही याइच्या पोटात गेलं असतं तं?" कुंदाने विचारलं.

"कदाचित वाचला असता. नक्की सांगता येत नाही."

"अन् बाकीचे?"

"सगळ्यांचं बंद झालं असतं."

कुंदाने मान डोलावली. भाजीवाल्याने भाव सांगावा आणि तो पटावा, तशी. मग म्हणाली, "मले सांगतलं असतं तं?"

"तू दिलं असतंस."

"देलंच असतं," कुंदा म्हणाली. "बायको होय मी त्याची. मी देलंच असतं. पण ते पाप मी माह्या हातानं केलं असतं, नाई तं पुण्य. तू माह्या सासूचं नाव काहून घेतलं वो मधात?"

प्रणोतीने मान खाली घातली.

कुंदा उठली. चुलीमागून तिने ते मडकं काढलं, मोरीत उपडं केलं. इतक्या वर्षांचं दही पाण्याच्या दोन तांब्यांनी वाहून गेलं. राखेने तिने मडकं घासलं, धुतलं, भिंतीशी पालथं घातलं. मग फळीवरची एक रिकामी वाटी घेऊन ती प्रणोतीसमोर आली.

"आता याइच्या जागी भट्टीवर मले जा लागते. पोरीची शाळा आहे. माह्या किडन्या तरी राहिल्या पाहिजेत." तिने वाटी प्रणोतीच्या हातात दिली. "जाय. सिंधूबाईच्या दारात जाय, अन् विरजण माग. मी नाई जात. वाटी तू परत पाठवली, तूच घेऊन ये."

मधला रस्ता तो केवढासा, चार पावलांचा. प्रणोतीला तो संपता संपेना. ओट्यांवरच्या बाया बोलायच्या थांबल्या. सिंधूबाईचा नवरा गाडा लावून हातपाय धूत होता, चांगला धडधाकट. त्याने "या, बाई" म्हटलं आणि आत हाक मारली.

सिंधूबाई बाहेर आली. तिच्या मागे, देवळीत, समई नुकतीच लागली होती. तिने प्रणोतीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि रस्त्यापलीकडे दारात उभ्या असलेल्या कुंदाकडे पाहिलं.

"विरजण देता का?" प्रणोतीने विचारलं. लहानपणी विचारायची तसंच.

सिंधूबाईने मागे वळून समईकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खुन्नस नव्हती.

"दिवे लागले, माय," ती म्हणाली. "आता नाई देता येत. सकाळी ये."

प्रणोतीने मान डोलावली. वाटी छातीशी धरून ती तिथेच पायरीवर बसली.